चार शीटांवरची मिरची

पिवळ्या शाईचा ठिपका भिंगाखाली बाकी तीन रंगांपेक्षा उशिरा दिसतो. काळा लगेच दिसतो, आकाशी सायन आणि गुलाबी मजेंटा त्याच्या मागोमाग. पिवळ्यासाठी मात्र थांबावं लागतं. डोळा कागदाच्या पांढरेपणाला सरावला की मग ठिपका कागदापासून हळूहळू सुटा होतो. छपाई नीट असेल तर फिक्या भागात दोन पिवळ्या ठिपक्यांच्या मध्ये कोऱ्या कागदाची एक बारीक फट राहते. आज सकाळी मिरचीच्या खोक्यावर, देठाशेजारच्या उजळ पट्ट्यात, मला ती फट सापडली नाही. ठिपके एकमेकांना टेकलेले होते. मी भिंग उचललं, ओढणीच्या टोकानं काच पुसली, पुन्हा ठेवलं. टेकलेलेच होते.

खोकं आमच्याच प्रेसमध्ये छापलेलं होतं आणि वाटूरहून परत आलं होतं. बियाणे कंपनीचे खरेदीवाले अप्पाराव ते हातात घेऊन आले, सोबत तीन वर्षांपूर्वीचं एक जुनं खोकंही. दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी उभी करून ते खुर्चीत बसले आणि रुमालानं मान पुसत राहिले. "ताई, दुकानदार म्हणतो, लोक हात लावीनात. डुप्लिकेट हाय म्हणून राह्यले." मी विचारलं, बी तेच आहे ना. "बी तेच, कंपनी तीच. पण शेतकऱ्याला बी कुठं दिसतं? त्याला खोकंच दिसतं. दोन खोकी उन्हात धरली अन् म्हणाला, ह्यातली मिरची पिवळी पडलेली हाय, हे आपलं न्हाई." बोगस बियाण्यानं एकदा हात पोळलेला माणूस खोक्याकडे कसा बघतो ते मला माहीत आहे. तो अक्षरं वाचत नाही, रंग वाचतो. अप्पाराव उठताना म्हणाले, "तुमचं नवं मशीन येऊन राह्यलं असं दीड वर्षापासून ऐकतो. जल्दी करा. ह्या हंगामाचं मी सांभाळून घेतो. पुढच्या वेळी मात्र काम हैदराबादला जाईल. मंग मला बोल लावू नका." ते गेल्यावर खोकी तशीच उभी राहिली. नुसत्या डोळ्यांनी बघताना फरक सांगता येत नव्हता, पण नाकारताही येत नव्हता. एका खोक्यावरच्या मिरच्या नुकत्या तोडलेल्या होत्या, दुसऱ्यावरच्या दोन दिवस टोपलीत राहिलेल्या.

आमचं मशीन दोन कलरचं आहे. चार रंगांचं काम त्याच्यावर दोनदा चढवावं लागतं, आणि पहिल्या फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत कागद तोच राहत नाही. जालन्याची उन्हाळ्यातली हवा कागदातला ओलावा ओढून घेते. कागद केसभर आकसतो आणि पिवळा रंग मिरचीच्या कडेबाहेर डोकावतो. सुग्रीव, आमचा मशीनमन, थप्पीवर ओली पोती टाकतो, कूलरचं तोंड फिरवतो, जमिनीवर पाणी मारतो. चार कलरच्या मशीनवर कागद एकदाच जातो आणि चारही रंग घेऊन बाहेर पडतो. म्हणून चार कलरचं, वापरलेलं पण चांगल्या स्थितीतलं मशीन घ्यायचं ठरलं, आणि कोणतं घ्यायचं ते ठरेना. सुग्रीव म्हणायचा, "दीड वर्सात लग्न जुळून लेकरू होतं आबा. आपलं मशीनच जुळंना." आबा म्हणायचे, "तुझं जुळलं तवा तू किती बघितल्या?" "एक." "मंग? दिसतंय की." सुग्रीवची बायको डबा घेऊन दारात उभी असली तरी आबा हे म्हणत, आणि तीही हसे.

आबा म्हणजे माझे वडील, रायभान. जालन्याच्या छापखान्यांत त्यांच्या डोळ्याचं नाव आहे. आजोबांची मेंढरं मंठ्याच्या बाजूच्या माळांवर असत. आबा लहानपणी त्यांच्यामागे फिरले. पाण्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले की मोठी माणसं कानाच्या खुणा तपासत बसत. आबा लांबूनच बोट दाखवत, ती आपली, ती न्हाई, ती भुरी आपली पण तिच्यामागची भुरी परक्याची. दोन भुऱ्यांतला फरक ते मला पुढे कितीदा तरी समजावून सांगत. "एकीत दुधाची साय असती, दुसरीत राख." मी भौतिकशास्त्र शिकायला गेले त्याला हेही एक कारण असेल. विद्यापीठाच्या अंधाऱ्या खोलीत लोलकातून फुटलेला प्रकाश पडद्यावर पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं होतं, साय आणि राख यांतला फरक आता मला आकड्यांत सांगता येईल. सांगता आलाही. आबांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "बराबर हाय तुझं. पण मेंढरू पळून जाईल तोवर." नंतर मी परतूरच्या कॉलेजात तासिकेवर शिकवलं, आणि मग प्रेसमध्येच आले. रंग मोजायचं छोटं यंत्र, डेन्सिटोमीटर, मीच आणलं. शाईचा थर कागदावर किती गडद बसला ते त्याच्यावर आकड्यात येतं. सुग्रीव ते हातात घेऊन उलटसुलट करून म्हणाला होता, "मीटर कशाला ताई, आबांची नजर हाय की." मला त्याचं वाईट वाटलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

मशीनची तुलना मी शिस्तीनं केली. तुलना करायची तर एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळ्या स्थिर ठेवायच्या, हे मी मुलांना शिकवत असे. म्हणून मिरचीचीच फाइल, एकाच गिरणीचा कागद, तोही मी गाडीतून सोबत नेत असे, शाईचे डबेसुद्धा आपलेच. पुण्यात हायडेलबर्ग बघितलं. हैदराबादला कोमोरी, नाशिकला र्‍योबी, संभाजीनगरच्या वाळूजमध्ये रोलँड. आबा, मी आणि मशीनचे दलाल राधेश्यामजी, असे तिघं जात असू. आबा पोचल्याबरोबर मशीनच्या बाजूच्या पोलादी भिंतीवर तळवा ठेवत आणि डोळे मिटत. कागद उचलला जाताना हवेचा एक फुस्स आवाज येतो, मग कागद धरणाऱ्या पकडीची टाळी, मग सिलिंडर फिरल्याचा घोष. हायडेलबर्गपाशी ते इतका वेळ उभे राहिले की तिथला माणूस चहा घेऊन आला आणि तसाच थांबला. "हे बोलतं," आबा म्हणाले. "काय दुखतं ते आधी सांगील हे." कोमोरीपाशी मी जास्त वेळ थांबले. तिच्या शेजारच्या मेजावरून शाईची प्रत्येक चावी बोटानं कमीजास्त करता येत होती, केलेलं मेज लक्षात ठेवत होतं, पुढच्या वेळी तेच परत मांडत होतं. र्‍योबी आमच्या शेडमध्ये भिंत न पाडता बसली असती. रोलँडवर जाड पुठ्ठा असा सरकत होता की सुग्रीवनं नुसता व्हिडिओ बघून शिट्टी मारली. चारही मशीनं आपापल्या जागी चांगली होती, हीच अडचण होती. चांगल्या आणि वाईटात निवड करायला कोणी लागत नाही.

परत आल्यावर मी तक्ता करायचे. कागद किती वेळात जुळतो, जुळलेला किती वेळ राहतो, काळ्याची गडदता, मजेंटाची, सायनची, पिवळ्याची, वीज किती लागते. विजेचा रकाना आमच्याकडे महत्त्वाचा. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्ट्या चालू झाल्या की आमच्या शेडमधल्या ट्यूबलाइट मिचमिच करतात. पिवळ्याचा रकाना मी तिसऱ्या मशीननंतर काढून टाकला होता. तिन्ही शीटांवर पिवळ्याचा आकडा जवळजवळ सारखाच होता, आणि जे सगळीकडे सारखं आहे त्यावरून निवड होत नाही. चौथ्या शीटवर मी तो मोजलाही नाही.

आज मी मोजला. चारही शीटं काचेच्या उजेडाच्या टेबलावर पसरली, मधे वाटूरचं खोकं उलगडून ठेवलं, एका कडेला तीन वर्षांपूर्वीचं. जुन्या खोक्यावर पिवळ्याचा आकडा जिथे असायला हवा तिथेच होता. वाटूरच्या खोक्यावरचा बराच वर होता. ते आमचं जुनं मशीन, दोन फेऱ्या, कोरडी हवा. त्याची कारणं देता आली असती. पण पुण्याच्या शीटवरचा पिवळाही तितकाच वर होता. हैदराबादच्या, नाशिकच्या, आणि वाळूजच्याही. एक जर्मन मशीन, दोन जपानी, पुन्हा एक जर्मन; चार गावं, चार वेगळे मशीनमन, चार ऋतू. आणि पिवळा सगळीकडे जणू एकाच हातानं ओतलेला. मी यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं, पांढऱ्या पट्टीवर शून्याला आणलं आणि पहिल्यापासून मोजलं. मग ते बाजूला ठेवून दोन्ही तळवे काचेवर टेकले. काच खालच्या दिव्यांनी कोमट झाली होती. स्थिर ठेवायच्या गोष्टींत मी कागद मोजला होता, शाई मोजली होती, फाइल मोजली होती. आबांना मोजलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. काम मशीनवर चढलं, रंग जुळत आला की एक शीट बाहेर काढतात आणि जो सगळ्यांत जाणता असेल त्याच्यापुढे धरतात. त्यानं लाल पेन्सिलीनं कोपऱ्यात सही केली की ते ओके शीट. मग पुढची सगळी छपाई त्या शीटसारखी व्हायची; मालक आला, गिऱ्हाईक आलं, कंपनीचा साहेब आला तरी त्या शीटला हात लावायचा नाही. परक्या प्रेसमध्ये पाहुणा म्हणून मोठा मशीनमन आला तर पेन्सिल त्याच्याकडे द्यायची, हा मान. चारही ठिकाणी तो आबांना मिळाला. पुण्यात तिथल्या माणसानं पेन्सिल पुढे करत म्हटलं होतं, "काका, तुमच्यासमोर आम्ही काय पास करणार." हैदराबादला म्हाताऱ्या मशीनमननं आबांना हाताला धरून शीटपाशी नेलं, "चाचा, आप देखो." आणि आबा बघत. सोबतचा नमुना ते कधी बघत नाहीत, तो त्यांना कमीपणा वाटतो. "मिरची कशी असती ते मला कागदानं सांगावं का?" मग मान तिरकी करून म्हणत, "पिवळा भुकेला हाय जरा. चढवा." पुण्यात म्हणाले. हैदराबादलाही म्हणाले. नाशिकला, वाळूजला. मला चारही आवाज आठवले, त्या त्या शेडच्या घुमण्यासकट. प्रत्येक वेळी तिथल्या माणसानं एक क्षण थांबून बघितलं होतं आणि मग मोठ्या माणसाचा मान राखून पिवळा चढवला होता. मी चार मशीनांची तुलना करत नव्हते. मी चार वेळा आबांचा डोळा छापून आणला होता.

पिवळी शाई खरं तर काय करते? पांढऱ्या कागदावरून परत येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग ती गिळते, तेवढंच. निळा कमी झालेला दिसतो म्हणून आपण पिवळा म्हणतो. ज्याच्या डोळ्याला निळाच नीट पोचत नाही त्याला गिळला काय आणि न गिळला काय. त्याला पिवळा आणि कोरा कागद जवळजवळ एकच. आणि आबांना शुगर आहे. शुगर डोळ्याच्या पडद्यापर्यंत गेली आहे हे संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यात इंजेक्शनं दिली होती, आणि म्हणाले होते, आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. गेलंय काय ते आम्ही कोणी विचारलं नाही. आबा पेपर वाचत होते, स्कूटर चालवत होते, लांबच्या एसटीची पाटी माझ्याआधी सांगत होते. निळा टिपणाऱ्या पेशी मुळातच थोड्या असतात आणि या रोगात त्या आधी थकतात, हे मी एम.एस्सी.ला वाचलेलं. परीक्षेत लिहिलेलंही. जे मी कागदावर लिहिलं ते माझ्या घरात पाटावर बसून जेवत होतं.

आणि जेवणावरून आठवलं. आबांचा सदरा पांढरा असतो, शाईच्या धंद्यात राहून पांढरा, याचा त्यांना अभिमान. वर्षभर आई त्यांच्यावर ओरडते आहे. "वरणाचे डाग घेऊन बाहेर चाललात. हळद दिसत न्हाई का तुम्हाला?" आबा छातीकडे बघत आणि म्हणत, "कुठंय?" आई माझ्याकडे बघून म्हणे, "बघ. आता ह्यांना मीच धुवायचं, सदऱ्यासकट." आम्ही हसत असू. आबाही हसत. आईनं, सोनूबाईनं, सातवीच्या पुढे शाळा बघितलेली नाही, आणि आईलाही काही कळलेलं नव्हतं. तिला वाटे हा माणूस म्हातारपणी गबाळा झाला. कोणालाच कळलं नव्हतं. मी टेबलाचा दिवा बंद केला. शीटं काळवंडली. मिरच्या मात्र अंधारातही दिसत राहिल्या, डोळ्यात उरलेल्या, उलट्या रंगाच्या.

बाहेर सुग्रीवनं दुपारच्या कामासाठी पिवळ्याचं युनिट, मशीनचा तो एक रंग छापणारा भाग, लावायला घेतलं होतं. नुसता पिवळा छापलेली पन्नाससाठ शीटं रद्दीच्या थप्पीवर पडली होती. फिका पिवळा पट्टा आणि त्याच्यावर पिवळ्या मिरच्या, इतर रंगांवाचून ओळखू येतील अशा. आबा स्टुलावर बसले होते. राधेश्यामजी थोड्या वेळात येणार होते, पुण्याच्या मशीनचं आज हो की नाही सांगायचं होतं. आबांनी कानामागची लाल पेन्सिल काढली, थप्पीवरचं वरचं शीट ओढलं, मांडीवरच्या फळीवर ठेवलं आणि त्याच्यावर शेडचा नकाशा काढायला लागले. ही भिंत. हा खांब. इथं कागद चढवायची बाजू, इथं छापून बाहेर पडायची. रेघा सरळ येत होत्या. त्या पिवळ्या मिरच्यांवरून आरपार जात होत्या. मी दाराच्या चौकटीत थांबले.

"आबा, छापलेल्या कागदावर कशाला?" सुग्रीव चिंधीनं हात पुसत म्हणाला. "ह्या बाजूला कोरा हाय की."

आबांची पेन्सिल थांबली. त्यांनी शीट थोडं वर उचललं आणि दाराच्या उजेडाकडे कलतं केलं, मग उलट्या बाजूला. मी त्यांचा चेहरा बघत होते. दोन भुऱ्या मेंढ्यांतला फरक सांगणारा माणूस एका कागदात काहीतरी शोधत होता आणि आपण शोधतो आहोत हे दिसू नये म्हणून धडपडत होता. मग ते हसले. "रद्दीवरच काढून राह्यलो न्हवं? तुझ्या लग्नपत्रिकेवर तर न्हाई ना." सुग्रीव मोठ्यानं हसला. आबांनी शीट पुन्हा फळीवर ठेवलं आणि नकाशा पुरा केला. शेवटी, छापलेलं शीट जिथे बाहेर पडतं तिथे, ते पसरायच्या टेबलापाशी, त्यांनी एक फुली मारली. ती कशाची ते सांगायची गरज नव्हती. ती त्यांची उभी राहायची जागा होती. इतकी वर्षं तीच होती.

त्यांना माहीत होतं का? कदाचित शोधताना जे थोडंसं माहीत होतं ते हसताना पुन्हा नाहीसं झालं असेल. मला एवढंच कळलं की ते एकटे होते. त्या क्षणी मला सगळ्यांत सोपं काय होतं तेही दिसलं. कोमोरी घ्यायची. रंग मेजावर बांधून टाकायचा, आकडे एकदा भरून ठेवायचे. आबा सही करत राहतील, पिवळा चढवा म्हणतील, सुग्रीव एखादी चावी हलवल्यासारखं करील आणि मेज आपलं खरं तेच छापत राहील. कोणाला काही बोलावं लागणार नाही. मी हैदराबादला त्या मेजापाशी इतका वेळ का थांबले होते, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. मला असं मशीन हवं होतं जे माझ्याऐवजी बोलेल. म्हणून तक्त्यात रकाने वाढत गेले, म्हणून निवड होईना. मशीनकडून मी जे मागत होते ते कुठल्याच कंपनीनं बनवलेलं नव्हतं. कोमोरीचा त्यात काही दोष नव्हता; ते उत्तम मशीन होतं. आणि आबांना सही करायला लावून ती सही खोटी ठरवणं, रोज, त्यांच्या पाठीमागे, सुग्रीवला सामील करून घेऊन. त्यांच्या वडिलांनी कळपातली म्हातारी मेंढी विकली असेल, पण तिला फसवलं नसेल.

मग मी तक्ता मनात पुन्हा मांडला, डोळ्याचा भाग वेगळा काढून. काय उरतं? हात उरतात, आबांचे हात पकडीची फट अजून कागद न घालता नुसत्या बोटांनी सांगतात. कान उरतात. गेल्या महिन्यात जुन्या मशीनचं एक बेअरिंग खराब व्हायच्या दोन दिवस आधी त्यांनी सांगितलं होतं, आवाजात वाळू आली आहे म्हणून, आणि खोललं तर तसंच निघालं. कोणत्या मशीनपाशी ते डोळे मिटून उभे राहिले होते? ज्याच्यापाशी त्यांना डोळ्यांची गरज वाटली नव्हती त्याच्यापाशी. भिंत पाडावी लागेल. वीज सांभाळायला स्टॅबिलायझर लागेल. ते होईल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कोड्याऐवजी काम दिसत होतं. भट्ट्या चालू झाल्या असाव्यात. ट्यूब दोनदा मिचकावून स्थिर झाली.

राधेश्यामजी आले ते फोन कानाला लावूनच. तो ठेवून, खुर्ची ओढून, त्यांनी पाणी मागितलं आणि पिण्याआधीच बोलायला लागले. "रायभानराव, पुण्यावाल्यानं दुसरं गिऱ्हाईक उभं केलंय. मी किती दिवस हात धरून ठेवू त्याचा? हां बोला, ना बोला, पण आज बोला. कोमोरीवाला पण विचारतोय. तुमच्या घरात पोरगी जपानची अन् बाप जर्मनीचा, मी बिचारा जालन्याचा, मधेच मेलो."

सुग्रीव फिसकन हसला. आबांनी नकाशा त्यांच्यापुढे केला. "जागा तर काढून ठेवली. भिंत पाडायची तयारी हाय माझी. पण इंदू म्हणल तसं. शिकलेली ती हाय." हे ते नेहमीच म्हणत. असं म्हणून वेळ मारून नेत आणि मीही मारून नेत असे. म्हणत असे, अजून एकदा बघू, वीज तपासू, पावसाळा जाऊ दे. राधेश्यामजींनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा तसंच होणार अशा बेतानं पाण्याचा घोट घेतला.

मी आत जाऊन दोन्ही खोकी आणि चार शीटं घेऊन आले. फळीवर पसरली नाहीत, नुसती आबांच्या शेजारी ठेवली. "वाटूरहून खोकी परत आलीत आबा. लोक म्हणतात मिरची पिवळी आहे."

"कागद ओढला असंल," आबा म्हणाले. "जुनं मशीन हाय."

"नाही. चारही नव्या मशीनांवर तसंच आलंय. मी मोजलं. मशीनचं नाही ते."

सुग्रीवच्या हातातली चिंधी थांबली. आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे स्वच्छ होते, तपकिरी, कडेला नेहमीसारखे थोडे ओले. पाण्यावर मिसळलेल्या कळपाकडे बघावं तसे ते बघत होते, यातलं आपलं कोणतं. मग त्यांनी नजर खाली घेतली आणि सदऱ्यावरून हात फिरवला, छातीपाशी, जिथे आई नेहमी बोट दाखवायची. तिथे आज डाग नव्हता. ते त्यांना दिसत नव्हतं म्हणून ते हातानं तपासत होते.

"शुगरचं हाय का हे?" त्यांनी हळू विचारलं.

"हो."

"परत न्हाई येणार म्हणला होता डॉक्टर."

"नाही येणार."

राधेश्यामजींनी ग्लास आवाज न करता खाली ठेवला. आबांच्या बोटांत पेन्सिल तशीच होती. मी हात पुढे केला. त्यांनी लगेच दिली नाही. पकडही घट्ट केली नाही. तेवढा वेळ मी ती ओढली नाही. मग तिचं वजन माझ्या हातात आलं, आबांच्या बोटांची ऊब असलेलं. मी खाली बसले, नकाशा गुडघ्यावर घेतला. टेबलापाशी त्यांनी मारलेली फुली तशीच ठेवली आणि तिच्याखाली माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. मग मशीनच्या मधोमध, बाजूच्या पोलादी भिंतीपाशी, जिथे तळवा टेकला की चारही युनिटं एकदम ऐकू येतात तिथे, मी दुसरी फुली मारली, मोठी आणि ठळक, लाल रंग त्यांना दिसतो हे माहीत असल्यानं तीनदा गिरवून. शीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं नाही. बोटानं ती फुली शोधली आणि बोट तिच्यावर ठेवलं.

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. शेडच्या पत्र्याला लागून परत आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हायडेलबर्ग घेऊ, आबा. मशीन तुमच्या कानावर चालेल. रंग आजपासून मी पास करणार."